बाविसाव्या पानावरची खूण

कोल्हापूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय गौस,

नमस्कार आणि सलाम. दोन्ही धाडले आहेत. एक रागानं परत पाठवलास तरी दुसरा तुझ्याकडं राहील, एवढी सोय केली आहे. बिबीजान वहिनींनाही सांग. त्या घेतील.

तुमच्या मलकापुरात पहाटेची थंडी पडायला लागली असेल. इथं सकाळी पंखा आणि दुपारी पाऊस असा कारभार अजून चालू आहे. पूर्णिमा बरी आहे. घरात दिवाळीची झाडलोट निघाली आहे, त्यामुळं घरातली सर्वांत मोठी अडगळ म्हणून मला एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत हलवण्यात येतं. सध्या मुक्काम स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. समोर लाडवांचं बेसन भाजणं चालू आहे, अक्षराला तुपाचा वास आला तर माझा दोष नाही.

तू फोन उचलत नाहीस. ठीक आहे. कॉलेज सुटल्यापासून आपला करारच आहे की फोन लग्नाला आणि मयताला, पुस्तकांचं बोलायचं ते पत्रातनं. सध्या लग्न नाही, मयत नाही, म्हणजे तू नियमानंच वागतोयस. मग मीही नियमानं अलीकडं काय काय वाचलं ते कळवतो. तुझ्या पुस्तकाचं, आणि श्रावणात गणपतरावांच्या छापखान्यात मी तुला जे बोललो त्याचं, शेवटी. आधी सोपं सोपं सोडवायचं, हे मास्तर लोक पोरांना शिकवतात ना? तुझ्याच धंद्यातली युक्ती आहे.

पहिली एक जाड कादंबरी. नाव सांगत नाही, नाहीतर तू विकत घेशील आणि त्याचंही पाप माझ्या माथी. पुण्यातला एक संगणकवाला नोकरी सोडून गावी येतो आणि शेती करतो. शेण दिसलं की त्याला गहिवर येतो. चारशे पानांत गहिवर किती वेळा आला ते मोजायचं मी मध्यावर सोडलं. राधानगरीकडचा माझा चुलतभाऊ बाळासो परवा दूध संघाच्या कामाला आलता, त्याला मी त्यातलं एक पान वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "दादा, ह्या पावण्याला आठ दिस माझ्याकडं धाडा. पावसाळ्यात. गोठा झाडू दे. मग काय लिवतोय बघू." मराठी समीक्षेत इतकं नेमकं मत मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही.

दुसरं एका निवृत्त परिचारिकेचं आत्मकथन. बाईंनी आयुष्य सरकारी दवाखान्यात काढलं, पुष्कळ सोसलं, लिहिलंयही निगुतीनं. पण गौस, त्यांना सगळं आठवतं रे! पन्नास वर्षांपूर्वी मावशीच्या लुगड्याचा काठ कुठला, त्या दिवशी आमटीत कोकम होतं की चिंच, मॅट्रनबाई कुठल्या पायावर भार देऊन उभ्या होत्या. मला संशय येतो. आपल्या सरांनी काय शिकवलं होतं? श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला, तर श्रुती खरी धरायची. स्मृतीचा मान तिच्या खालचा. आपल्या पूर्वजांना माणसाच्या आठवणीचा भरवसा किती होता, ते यावरनं दिसतं. मी पूर्णिमेला म्हणालो, "एवढं कुणाला आठवतं होय? बाई रचून सांगतात." ती बेसन ढवळत म्हणाली, "काहींना आठवतं. काहींना सकाळी गॅसवर दूध ठेवलेलं आठवत नाही." हा शेरा साहित्यविषयक नव्हता. ते पुढं येईलच.

तिसरी बारकी कादंबरी, एका नव्या पोराची. कागलच्या एमआयडीसीतल्या रात्रपाळीवर आहे, म्हणजे माझ्याच अंगणातली. पोरगं हुशार आहे. काळ पुढंमागं करतं, माणसं मध्येच सोडून देतं, पण भट्टीच्या धगीपुढं उभ्या माणसाची पाठ कशी गार असते, हे त्यानं असं लिहिलंय की मी खुर्ची पाठीमागनं चाचपली. वाचून संपली तेव्हा मी इतका खूश झालो की वाचनालयातल्या निशिगंधेला म्हणालो, "अगं, अशी पुस्तकं आल्याबरोबर सांगत जा की मला." निशिगंधा तिथं काउंटरवर असते, तिच्या आईला मी ओळखतो, त्यामुळं ती माझ्याशी नीट बोलते. तिनं रजिस्टर पुढं ओढलं. म्हणाली, "काका, आल्याबरोबर पहिलं तुम्हीच नेलतं की. मे महिन्यात."

मी म्हणालो, "दुसरं कुणीतरी असेल."

ती म्हणाली, "असंल."

घरी येऊन मी बाविसावं पान उघडलं.

तुला माझी खोड ठाऊक आहे. वाचनालयाची म्हातारी माणसं करतात तसली खूण. कुणी वाढदिवसाच्या तारखेच्या पानावर टिंब देतं, कुणी शेवटच्या पानावर 'बरं आहे' असा शेरा मारतं, म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी यायला नको. मी माझ्या बोर्डिंगमधल्या खोलीचा नंबर धरला होता. बाविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक 'उ'. तू त्याला हसायचास. "उदयसिंहानं पुस्तक मारलं, त्याची ही वाघाची नखं," म्हणायचास.

'उ' होता.

मग मी परिचारिकेच्या पुस्तकाचं बाविसावं पान उघडलं. तिथंही होता.

जाड कादंबरी मी परत करून आलो होतो. ती बघायला गेलो नाही.

आणखी एक सांगतो. वर नावं लिहिली नाहीत आणि तो सगळा प्रकार मी थट्टेवारी नेला. खरं असं की लिहिताना नावं आठवली नाहीत. उठून बघता आली असती. उठलो नाही.

बेसन उतरलं. टेबल रिकामं करून हवंय. थांबतो.


सोमवार, संध्याकाळ

कंपनीतनं आलो. काल थांबलो तिथं सोपं संपलं होतं.

मला कारखान्यात संस्कृताचा उपयोग काय, असं तू दर वर्षी विचारायचास आणि मी दर वर्षी सांगायचो, की वर्षातनं एकदा. खंडेनवमीला. मालकाला भटजीची दक्षिणा जड वाटते आणि कामगार विभागात आयता एक एम.ए. बसवलेला आहे, तेव्हा झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनींपुढं उभं राहून मंत्र मी म्हणायचे. पाटलाच्या पोरानं मंत्र म्हटलेले देवीला चालतात की नाही, हे मालकानं कधी विचारलं नाही. देवीनंही हरकत घेतलेली नाही. सगळी पोरं अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभी असतात. तेवढा अर्धा तास मला माझं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटत नाही. कुणाला सांगू नकोस, पण वर्षभर मी त्या अर्ध्या तासाची वाट बघतो.

यंदा सुरुवात केली. दोन ओळी आल्या. तिसरी आली नाही.

लोक म्हणतात डोळ्यापुढं अंधार येतो. तसं काही झालं नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं: लेथवरचं कुंकू, तेलात पडलेली पाकळी, गुंडू फोरमनच्या हातातला नारळ. फक्त जिथं ओळ असायची तिथं काही नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. पोरांना वाटलं साहेबांचं ध्यान लागलं. कुणी खोकलं. शेवटी गुंडूनं बापड्यानं आपल्या अकलेनं नारळ वाढवला, सगळ्यांनी देवीचा उदो केला आणि पेढे वाटले गेले. जाताना गुंडू माझ्याजवळ येऊन खूश होऊन म्हणाला, "सायेब, यंदा झटक्यात उरकलासा की! लई बरं झालं. दरसाली पाय दुखत्यात."

मी हसलो. पेढा खाल्ला. नंतर शौचालयात जाऊन आतनं कडी लावली आणि ती तिसरी ओळ शोधत उभा राहिलो. अजून सापडलेली नाही. पुस्तक उघडलं तर सापडेल. उघडत नाही.

आता छापखाना.

त्या दिवशी गणपतरावांनी तुझी प्रुफं माझ्यापुढं ठेवली, "बघा उदयसिंहराव, तुमच्यावर अख्खं प्रकरण आहे," म्हणून. वहिनी मुखपृष्ठाचा रंग निवडायला मुद्दाम आल्या होत्या, नवी साडी नेसून. मी तिथंच उभ्या उभ्या ते प्रकरण वाचलं. आपली कॉलेजातली पाठांतराची स्पर्धा. तू आधी तुझे श्लोक म्हणून खाली बसलेला. मग मी व्यासपीठावर गेलो आणि श्लोकाच्या मध्यावर अडकलो. पुढचा चरण गेला. आणि तिसऱ्या रांगेत बसून तू, परीक्षकांना दिसणार नाहीत असे, नुसते ओठ हलवलेस. ते बघून मला ओळ मिळाली, मी पुढं गेलो, पहिला आलो. तू दुसरा. शेवटी तू लिहिलंयस, 'मी गप्प बसलो असतो तर पहिला नंबर माझा होता. पण त्याला तसा गप्प उभा राहिलेला मला बघवेना.'

चांगलं वाक्य आहे. आता म्हणतो. तेव्हा मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल, तरी लिहितो, कारण मला वाटतं मीच विसरेन.

म्हणालो, "मी आयुष्यात श्लोक विसरलेलो नाही. तुझं पुस्तक खपवायला माझी फजिती लागती व्हय तुला?"

तू म्हणालास, "लेका, तू वाचलंयस की हे. दिवाळीत झेरॉक्स दिलती तुला. तूच तोंडानं म्हणालतास, खरं हाय म्हणून."

मी म्हणालो, "झेरॉक्स-बिरॉक्स मला कुणी दिलेली नाही. थापा मारतोस तू. खोटं माझ्या नावावर छापायचं नाही."

वहिनी मध्ये पडल्या. "भावजी, नाव गाळूया हवं तर, पण असं नका बोलू." मी त्यांच्याकडंही बघितलं नाही. मग तू प्रुफं गोळा केलीस, पिशवीत भरलीस. "ऱ्हाऊ दे गणपतराव. सोबतीच म्हणतोय खोटं, तर पुढचं कोण खरं मानणार? छापायचं न्हाय." आणि जिना उतरलास.

शाहूवाडीचं एक पोरगं मुस्लिम बोर्डिंगात राहून संस्कृत शिकतं आणि जन्मभर मलकापूरच्या पोरांना शिकवतं, हे पुस्तक तू किती वर्षं लिहीत होतास ते मी बघितलंय. ते माझ्या एका वाक्यापायी तुझ्या कपाटात पडलंय.

गेल्या आठवड्यात पूर्णिमेनं माझ्या टेबलाचा खालचा खण उपसला. शब्दकोशाच्या खालनं एक स्पायरल बांधलेली वही निघाली. तिनं ती पुसली, उघडली, थोडं वाचलं असावं. मग माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली. तुझी झेरॉक्स. बाविसाव्या पानावर 'उ'. आणि त्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, जसंच्या तसं उतरवतो:

'अगदी असंच. तू ओठ हलवले नसतेस तर मी तिथंच मटकन खाली बसलो असतो. हे मी तुला कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहितो. छाप हे.'

पूर्णिमेनं विचारलं, "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग?"

मग काय, गौस? गेल्या दिवाळीत एक उदयसिंह होता, त्याला ती स्पर्धा आठवत होती, आणि ते मान्य करायचा मोठेपणाही त्याच्यात होता. मला ती स्पर्धा आठवत नाही. त्यानं हे लिहिलं, तेही आठवत नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो आणि मला त्या माणसाचा हेवा वाटतो. माझ्यापेक्षा बरा माणूस होता तो.

आणि मी तुझ्या अंगावर का धावून गेलो, तेही आता उमगतं. तुझ्या प्रकरणात मी खोटा नव्हतो, अडखळलेला होतो. तेव्हा घरात दूध उतू जायला लागलं होतं. रंकाळ्यावर फिरायला जाऊन मी एकदा नेहमीच्या वळणावर उभा राहिलो होतो, डावीकडं की उजवीकडं ते ठरेना, म्हणून शेंगा घेण्याचं सोंग केलं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि जे लपवून ठेवलं तेच तू पांढऱ्यावर काळं करून गणपतरावांच्या टेबलावर मांडलंस, असं मला वाटलं. तू अठरा वर्षांच्या पोराबद्दल लिहिलं होतंस. मी वाचलं ते माझ्याबद्दल.

पूर्णिमेला परवा सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला उन्हाळ्यापासनं माहीत आहे. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते." आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, भाऊबीजेनंतरच्या सोमवारी. तिथनं सांगितलंय की काही साध्या परीक्षा घेतील, शब्द सांगतील, थोड्या वेळानं विचारतील. आणि सोबत या माणसाला तरुणपणापासनं ओळखणारं कुणी आणा, आधी हा कसा होता ते विचारायचं असतं. मी म्हणालो, तूच आहेस की. ती म्हणाली, "मी आले तेव्हा तुम्ही आयते तयार होता. माझ्या आधीचं माणूस पाहिजे. गौसभाऊंना बोलवा."

मी म्हणालो, तो येणार नाही. "का?" म्हणाली. मग छापखान्याचंही सांगावं लागलं. तेव्हा मात्र ती रडली.

म्हणून हे पत्र. दोन गोष्टी आहेत.

झेरॉक्स या पत्रासोबत पाठवतो. समास बघ. गणपतरावांना मी आज दुपारी फोन केला: माझी हरकत मागं, चूक माझी, प्रकरण जसं आहे तसं, शब्दाला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "मास्तर आले तर छापू." तेव्हा जा. पुस्तक काढ. कुणी विचारलं की हे खरं कशावरनं, तर ते पान दाखव. माझ्या स्मृतीला आता प्रमाण धरू नकोस. तू सांगशील ती श्रुती.

दुसरी गोष्ट मागायचा मला हक्क नाही, म्हणून मागतो. त्या सोमवारी ये. शाळेला सुट्टी आहे, सबब सांगू नकोस. पूर्णिमा माझ्या शेजारी बसेल. तू समोर बस. आपल्या आधीच्या दिवसांचं डॉक्टर विचारतील ते सगळं सांग, स्पर्धेसकट. आणि मला शब्द विचारतील, मी अडकेन, मग तुझ्याकडं बघेन. बघणारच, सवय आहे, असं तूच लिहिलंयस.

तेव्हा या खेपेला ओठ हलवू नकोस, गौस. तुला बघवणार नाही, ठाऊक आहे. तरी गप्प बस. यावेळी नंबर काढायचा नाही, किती उरलंय ते बघायचंय.

वहिनींना सांग, लाडू झालेत. त्यांची माफी पत्रातनं मागत नाही, समोर मागेन. विसरलो तर पूर्णिमा आठवण करील. ते काम तिनं अंगावर घेतलंय.

आणि असंच एक पत्र तुला माझ्याकडनं याआधी आलेलं असेल, तर हसू नकोस. म्हणजे हस, पण इथं येऊन हस.

तिसऱ्या रांगेकडं बघत उभा असलेला,
तुझा
उदय